सुब्बारावांची मान

“एवढ्या पुढे बसणार? मान दुखेल हो,” विद्युलताबाई म्हणाल्या.

पण सुब्बाराव कुणाचं ऐकतील तर शपथ! त्यांनी खुर्ची ओढली ती थेट पडद्यापुढे. चेन्नईचा मे महिना, आणि यांच्या डोक्यावर माकडटोपी. हॉलमधल्या एसीची त्यांना भीती वाटते, असं सगळं मराठी मंडळ धरून चाललं होतं.

नुंगंबाक्कमच्या या भाड्याच्या हॉलमध्ये दर मे महिन्यात मराठी मुलांचं शिबिर भरे. तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका सिनेमातल्या भुतानं आवडी उपनगरातल्या क्वार्टर्समधली निम्मी मुलं आठवडाभर आईला चिकटून झोपवली. तेव्हापासून नियम झाला: सिनेमा आधी तिघांनी पाहायचा. एकाचं जरी ‘नाही’ आलं तरी बाद. आणि सिनेमाशी ज्याचा संबंध, त्याला मत नाही.

तिघं म्हणजे निवृत्त शिक्षिका विद्युलताबाई, सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून बदलून आलेला बँकेतला कौशिक आणि रेल्वेतून निवृत्त झालेले तंजावरी मराठी सुब्बाराव. सुब्बारावांनी आजवर पास केलेला सिनेमा एकच, गांडूळखतावरचा. मुलं दोन वर्षं तोच पाहत होती.

आजचा होता ‘भोपळेराजाची फजिती’, कळसूत्री बाहुल्यांचा. नित्या नावाच्या मुलीनं तीन वर्षं खपून तो केला होता आणि तिला तो दाखवायला कुणी जागा देत नव्हतं. इथं दोनशे मुलं हसली, तर पुढची दारं उघडणार होती.

“बाहुल्या नाचवतं कोण?” कौशिकनं तिला विचारलं.

“आमच्याकडचे एक जुने कलाकार. दोऱ्या स्वतःच्या डोक्यावरच्या लोखंडी कड्याला बांधतात. ते मान हलवतात, तशी राजाची हलते.”

“नाव नाही लावलं त्यांचं?”

“नको म्हणाले. किती सांगितलं, ऐकतच नाहीत.”

सुब्बारावांशी मात्र ती एक शब्द बोलली नाही. त्यांचा लौकिक तिच्याही कानावर असणार. ती व्हरांड्यात जाऊन बसली आणि दिवे मालवले गेले.

राणी लाटणं घेऊन प्रधानामागे धावली. विद्युलताबाईंनी वहीत लिहिलं, ‘लाटण्याचा मार, तीनदा.’ मग राजाचा मुकुट घसरून डोळ्यांवर आला, तो चाचपडत सिंहासन शोधू लागला आणि ऐटीत म्हशीवर जाऊन बसला. बाईंच्या हातून पेन पडलं, ते त्यांनी उचललंच नाही. कौशिक तर डोळे पुसून पुसून हसत होता. आपला मुलगा विश्वजित हे बघताना खुर्चीवरून खाली पडेल, या विचारानं त्याला आणखी हसू आलं.

तेवढ्यात त्याचं लक्ष पुढे गेलं. सुब्बाराव हसत नव्हते. त्यांची मान मात्र सारखी हलत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नाही, नाही, नाही.

व्हरांड्यातली ती पोरगी कौशिकला आठवली.

मध्यंतरात कॉफी आली. “कसा वाटतोय, काका?” त्यानं भीत भीत विचारलं.

“पुढून बरा दिसतो,” सुब्बाराव म्हणाले. “राजाचा उजवा पाय थोडका उशिरा पडतो.”

झालं, खोट काढलीच! कौशिकनं कंबर कसली. “काका, लाकडी डोक्यावर लाकडी लाटणं हो ते. मुलांना कळतं. आणि एवढं भांडून शेवटी सगळी एका पंगतीलाच बसणार ना? घरोघरी हेच असतं. गांडूळ बघून मुलं काय शिकली, सांगा!”

सुब्बारावांनी शांतपणे कॉफी संपवली. विद्युलताबाईंनी मात्र वहीतलं लाटणं खोडलं.

उत्तरार्धात राजानं राणीची माफी मागितली आणि वाकून नमस्कार केला. तेव्हा सुब्बारावांची मानही छातीवर आली. झोपले वाटतं, कौशिकला वाटलं. त्याला रागच आला.

दिवे लागले. कौशिकनं फॉर्म पुढे ओढला. “माझं हो. शंभरदा हो.”

“माझंही,” विद्युलताबाई म्हणाल्या. “पोट दुखलं हो हसून.”

दार किलकिलं झालं. नित्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून.

“आणि सुब्बाराव…” कौशिकचा आवाज पडला. “ते मघापासून नाहीच म्हणताहेत.”

“कधी?”

“मान हलत होती ना सारखी!”

विद्युलताबाई खो खो हसल्या. “अहो, नागपूर नाही हे! इथं मान अशी हलली की ‘हो’ म्हणायचं.”

कौशिकला एकदम भाजीवाला आठवला. वांगी आहेत का विचारल्यावर त्यानंही अशीच मान हलवली होती आणि हा गृहस्थ वांग्यांच्या ढिगासमोरून हात हलवत घरी परतला होता. म्हणजे तेही ‘हो’च! आनंदाच्या भरात त्यानं फॉर्मवर सुब्बारावांच्या नावापुढे पेन टेकवलं.

“लिहू नका,” सुब्बाराव म्हणाले.

“म्हणजे? नाही?”

“नाही पण नाही.”

“हो नाही, नाही पण नाही. मग मान कशाला हलवत होता एवढी?”

“सवय,” सुब्बाराव म्हणाले. “तुमची दोन मतं पुरेत. मला मत देता येत नाही. मंडळाचा नियम आहे की.”

ते उठले, दारातल्या नित्याकडे बघून दोन वर्षांत पहिल्यांदा हसले आणि त्यांनी माकडटोपी काढली. पांढऱ्या केसांमधून डोक्याभोवती, कपाळापासून पार मागपर्यंत, लोखंडी कड्यानं घासून पडलेला गोल घट्टा होता.