फ्लॉपीत उरलेलं

ऋजुताने फ्लॉपी तिसऱ्यांदा तपासली. पडद्यावरच्या अगम्य चिन्हांच्या गर्दीत तिचंच वाक्य होतं: "धम्मदीप, चौदा तारखेला अकरा वाजता, रजिस्टर ऑफिस. बाबांना कळता कामा नये."

मेल तिने कधीच पुसली होती. पण लिनक्सच्या गाभ्यातच, कर्नलमध्ये, भोक निघालं होतं. फ्लॉपीवर नवा फोल्डर केला की मशीनच्या मेमरीत उरलंसुरलं तिच्यात झिरपायचं. आणि ती काम करायची त्या मिरजोळ्याच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यातून रोज संध्याकाळी एक फ्लॉपी स्टोअरला जायची. स्टोअरकीपर कोण, तर तिचे बाबा! कालच ते म्हणाले होते, "फ्लॉपीत कसला कचरा दिसतोय गो?"

तिने ते भोक बुजवणारा पॅच उतरवून घेतला. कर्नल नव्याने बांधला जात असताना बाबा दारात आले.

"तुझं मशीन म्हणे पोटातलं ओठावर आणतं?"

"दुरुस्त करत्येय, बाबा."

"कर, कर." ते घुटमळले. "मी चौदाची रजा टाकलीय."

"कशाला?"

"काम आहे."

संपलं सगळं! पळून लग्नाला निघालेल्या आत्येलाही त्यांनी असंच गुहागरच्या स्टँडवरून दंडाला धरून परत आणलं होतं. आत्येने मग लग्नच केलं नाही. पॅच पुढचं झिरपणं थांबवेल, पण जुन्या फ्लॉप्या बाबांच्या कपाटात, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला.

चार वाजता पॅच बसला. पण बॉयलर असो की कॉम्प्युटर, दुरुस्तीनंतर चालू करायचा तर नारळ ठेवून ग्रामदेवाला गाऱ्हाणं हवंच, हा कारखान्याचा रिवाज. म्हातारे फोरमन काशीराम टोपी सावरून उभे राहिले. मागे सगळे कामगार जमले, बाबाही. ऋजुताने भीतीने मान वर केली नाही.

"बा भैरी म्हाराजा, ह्या मशीनचं भोक बुजवलंय, ते बुजलेलंच ऱ्हाऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आणि चौदा तारखेला आमच्या ऋजुताचं धम्मदीप मास्तरांशी लगीन हाय. कोण आडवा येत असंल, तर त्याला सुबुद्धी दे म्हाराजा!"

ऋजुताने टेबल घट्ट धरलं. फ्लॉपीतलं काशीरामांपर्यंतही पोचलं होतं!

मग तिच्या पाठीमागून बाबांचा आवाज आला, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा.

"व्हय म्हाराजा!"