तांबीचा कागद

"तांबी बसवली की ती फिरत फिरत काळजात जाते," प्रसूती वॉर्डात सासूबाई नर्सला शिकवत होत्या. सुनेला तिसरीही मुलगीच झाली होती. नातू होईपर्यंत हा विषय त्यांना घरात नको होता.

"आई म्हणेल तसं," नवरा मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला. तरीही नर्सने संमतीचा कागद सवयीने त्याच्याच पुढे धरला.

"सिस्टर, नियमाने सही कुणाची लागते?" खाटेवरून मोनालीने विचारलं.

नर्स ओशाळली. "तुमचीच. पण आम्ही आपली नवऱ्याचीच घेतो."

मोनालीने कागद मागून घेतला.

सासूबाई कडाडल्या, "अगं, वंशाला दिवा नको का?"

"तुमचा दिवा समोरच उभा आहे, आई," सही करत ती म्हणाली. "त्याचा उजेड बघितला. दुसरा नको."