रिकामी गाडी

"आज राहू दे. मला बरं वाटतंय," पायरीवर बसूनच अण्णा लेकीला म्हणाले. सुजलेल्या पायांत चपलाही घातल्या नव्हत्या.

उज्ज्वला गाडीची किल्ली घेऊन समोर उभी होती. डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण कालच्या बातम्यांत ऐकलं, तिच्यासारख्या विजेवरच्या गाड्यांना आता किलोमीटरमागे कर लागणार, आणि अण्णांचं हे सुरू झालं. ती भडकली होती. गावात सोय नाही म्हणून लांब जायचं, आणि लांब जातो म्हणून करही जास्त? अण्णा मात्र जन्मभर रस्त्यांवर डांबर टाकून घेणारे मुकादम. "रस्ता झिजवेल त्यानं भरावं, बरोबरच आहे," एवढंच ते म्हणाले होते.

तिने त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. एरवी मिरजेच्या दवाखान्यापर्यंत ते खड्डान्खड्डा दाखवून कंत्राटदाराला शिव्या घालत. आज त्यांची नजर समोरच्या किलोमीटरच्या आकड्यावरून हलेना.

"येताना मला एसटीत बसव," ते म्हणाले. "तेवढाच तुझा कर वाचेल."

"अहो अण्णा, गाडी तर परत आणावीच लागेल ना!"

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे रिकामी आणलीस तरी तेवढाच?"

"तेवढाच."

"मग माझा भार नाही म्हणायचा!" ते मोकळं हसले, मागे रेलले आणि बाहेर बोट दाखवत ओरडले, "बघ, बघ, काय ठिगळ लावलंय लेकाच्यांनी!"

तिला ठिगळ दिसलंच नाही. एक हात त्यांच्या गुडघ्यावर घट्ट ठेवून ती गाडी चालवत राहिली.