सुटी वस्तू

रेसट्रॅकच्या फाटकाशी तपासनीस म्हणाला, “मावशी, गाडीत सुटी वस्तू एकही नको. वळणावर अंगावर उडते.” तिने छत्री काढली, पाण्याची बाटली काढली. शेजारी नवरा हँडब्रेकवर हात ठेवून बसला होता, काटा साठवर गेला की “पुरे आता, आपटशील!” असं दटावत तीस वर्षं रोज बसायचा तसाच. “काका, तुम्हीही उतरा. इथे चालकाशेजारी कुणी बसायचं नसतं.” “म्हणजे मीही सुटी वस्तूच का?” नवरा फणकारला. “हिला एकटीला जमायचं नाही.” “अहो, उतरा ना,” ती म्हणाली. “उद्या माझी गाडी विकली जाणार. एकदा तरी मनासारखी पळवू द्या.” पुटपुटत तो उतरला. हेल्मेटचा पट्टा आवळून ती निघाली. पहिलं वळण झोकात गेलं. पुढे सरळ, मोकळा रस्ता, चिटपाखरू नव्हतं. काटा साठवर आला आणि पाय तिथेच अडला. हेल्मेटमध्ये कुणीतरी दटावत होतं, “पुरे आता, आपटशील!” आवाज तिचाच होता.