एकावर एक

आमच्या ऑफिसातली हिशेबनीस बिनबाह्यांच्या ड्रेसच्या आत शर्ट, खाली पॅन्ट आणि वरून जाकीट घालून यायची. ऑफिसातले टिकोजीराव तिला मागून 'कांदा' म्हणायचे. साहेबांना मात्र त्या थरांचं भलतंच कौतुक. वार्षिक समारंभात त्यांनी कल्पक पोशाखाचं बक्षीस तिलाच दिलं आणि वर माइकवरून विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला सुचतं तरी कसं?"

"तुमच्यामुळेच, साहेब," ती गोड हसून म्हणाली. "नोकरीला लागले तेव्हा मी नुसता ड्रेस घालायची. तुम्ही माझ्या दंडांची तारीफ केलीत, आत शर्ट आला. पोटऱ्यांवर विनोद केलात, खाली पॅन्ट आली. मग खुर्चीमागे उभं राहून, खांद्यावरून वाकून हिशेब तपासायला लागलात, त्या दिवसापासून जाकीट आलं. आता आणखी काय घालू ते सुचेना, म्हणून आज बोलतेय."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. सगळा हॉल साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागला, आणि साहेबांनी घाईघाईनं आपल्या कोटाची सगळी बटणं लावली.