उलटा लिलाव
लासुर्ण्यात संजीवनीबाईंच्या अंगणात एकाच कंपनीच्या, अगदी सारख्याच दोन नव्या गाड्या उभ्या होत्या. एक बारामतीच्या शोरूमची, दुसरी इंदापूरची. बाईंनी दोन्ही विक्रेत्यांना मुद्दामच एका वेळी बोलावलं होतं. टोमॅटोचं क्रेट उपडं घालून त्या वर चढल्या. “हं, बोला! सात लाखापासून खाली!” “सहा नव्वद,” इंदापूरकर म्हणाला. “सहा ऐंशी, विमा फुकट!” बारामतीकर ओरडला. “सहा सत्तर!” शेजारीपाजारी गोळा झाले. बाईंच्या अंगात वारं शिरलं. वीस वर्षं बाजारात आपल्याच मालाचा भाव त्यांनी खाली उभं राहून ऐकला होता. “सहा साठ कोण देतो?” “काकू, एवढ्यात न्हाय हो परवडत,” बारामतीकर काकुळतीला आला. हे तर बाईंचं आडतीवरचं वाक्य! आडत्याचं उत्तरही पाठ होतं. “मग माल माघारी न्या की!” बारामतीकरानं “घ्या, सहा साठ!” म्हणत किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.