मागचा टायर

वेल्डिंगच्या कारखान्यात तिच्या नोकरीचा पहिला दिवस होता आणि सकाळी बघते तर सायकलचा मागचा टायर सुरीने चिरलेला. कुणी चिरला, हे विचारायची गरजच नव्हती. “बस आता घरात,” नवरा दाढी करता करता म्हणाला. तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी मात्र पाना घेतला, लेकाची सायकल आडवी पाडली आणि मागचा जाडजूड टायर काढून सुनेच्या सायकलला चढवला. पुढे बारीक, मागे दांडगा. गालावरचा फेस न पुसताच नवरा धावत आला. “आई, माझा टायर! हे ध्यान बघून लोक हसतील!” “हसू देत,” हवा भरत सासूबाई म्हणाल्या, “तू जा चालत.” सुनेने पायडल मारलं. मागचा टायर रस्त्यावर एवढा घरघरत होता, की घंटी न वाजवताच माणसं बाजूला होत होती.